पत्ता टिकला, पण पाऊस गेला

२२ फेब्रुवारी २०११ रोजी जेरेमी कीथ या वेब डिझायनरनं एक पैज लावली. ‘लाँग बेट्स’ या संकेतस्थळावर लोक दीर्घ मुदतीची भाकितं नोंदवतात, त्यांवर पैजा लागतात आणि जिंकलेले पैसे धर्मादाय संस्थेला जातात. कीथचं भाकीत त्या पानाबद्दलच होतं: हे भाकीत ज्या पत्त्यावर आहे, तो मूळ पत्ता अकरा वर्षांनी चालू नसेल. ‘मेटाफिल्टर’चा संस्थापक मॅट हॉवी त्याच्याविरुद्ध उभा राहिला. २२ फेब्रुवारी २०२२ उजाडला, पान उघडलं, कीथ हरला.

गंमत म्हणजे जालावरच्या गोष्टी टिकल्या पाहिजेत, असं हाच माणूस गेली कित्येक वर्षं सांगत आला आहे. २०११मध्येच बेलफास्टच्या ‘बिल्ड’ परिषदेत त्यानं ‘ऑल अवर यस्टर्डेज’ नावाचं भाषण दिलं, ते याच विषयावर. ‘इंटरनेट काही विसरत नाही’ असं आपण सहज बोलून जातो. कीथला हे मान्य नाही. याहूनं ऑक्टोबर २००९मध्ये ‘जिओसिटीज’ बंद केलं, तेव्हा सामान्य लोकांनी हौसेनं केलेली असंख्य पानं नाहीशी होणार होती. त्यातली बरीच आज पाहता येतात, कारण ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी ती आधीच उतरवून घेतली. इंटरनेटला स्वतःची स्मरणशक्ती नाही. कुणीतरी लक्षात ठेवलं, तरच ते राहतं.

या पैजेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला कोकणातला पाऊस आठवला. त्याचं कारण सांगायला हवं.

माझ्या पहिल्या नोकरीत आमचं एक नोंदवहीचं अ‍ॅप होतं. ते चाललं नाही. कंपनीनं ते बंद करायचं ठरवलं आणि विदा पुसण्याची स्क्रिप्ट लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. सगळं रीतसर झालं. जानेवारीत सर्व वापरकर्त्यांना मेल गेली, मुदत दिली, मार्च अखेरीस मी स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्ट चाळीस-एक ओळींची होती आणि एकही चूक न होता चालली, याचा मला अभिमान वाटला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांची मेल आली. ते दारात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजायचे आणि आमच्या अ‍ॅपात लिहायचे. सहा पावसाळ्यांच्या नोंदी होत्या. पाऊस संपला की अ‍ॅप उघडायचं कारणच नसे, त्यामुळे आमची सूचना त्यांनी पाहिली नव्हती. कुठे एखादी प्रत शिल्लक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

प्रत होती. बॅकअप नव्वद दिवस राहायचा, त्यातले काही दिवस उरले होते. मी वरिष्ठांना विचारलं. एकासाठी बॅकअप उघडला तर सगळ्यांसाठी उघडावा लागेल, असं उत्तर आलं. ते चूक नव्हतं. मी ठरलेल्या मजकुराची मेल पाठवली. दिलगीर आहोत, मुदत संपली आहे. त्यांचं उलट उत्तर आलं: ठीक आहे, यंदापासून वहीत लिहितो.

आम्ही काही वाईट केलं का? कायद्यानं नाही. अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, अ‍ॅप फुकट होतं, सूचना दिली होती. आणि कुठलीही वस्तू कायम टिकवण्याचं कर्तव्य कुणावर लादता येत नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, माणसं लागतात. शिवाय विसरणं वाईटच असतं असंही नाही. मी सोळाव्या वर्षी जे काही ऑनलाइन लिहिलं, ते पुसलं गेलं याचा मला आनंद आहे.

पण या दोन विसरण्यांमध्ये फरक आहे. माझं लिखाण मी पुसलं. त्यांचा पाऊसही मीच पुसला. विसरण्याचा अधिकार ज्याची आठवण त्याचा. ती सांभाळायला घेणाऱ्याकडे तो आपोआप येत नाही. शेजारणीनं गावाला जाताना किल्ली दिली, तर घर तिचंच राहतं. ‘तुमच्या नोंदी कायम तुमच्याजवळ’ असं आमच्या जाहिरातीत लिहिलं होतं आणि मुदतीची अट नियमांच्या विसाव्या परिच्छेदात होती. आम्ही अट पाळली, पण लोकांनी विश्वास जाहिरातीवर ठेवला होता.

मग कायम टिकवता येत नसेल, तर आपलं नेमकं देणं किती? याचं उत्तर मला कीथच्या भाषणांपेक्षा त्याच्या एका फावल्या वेळच्या उद्योगात सापडलं. तो मूळचा आयर्लंडचा, राहतो इंग्लंडमध्ये ब्रायटनला. पारंपरिक आयरिश संगीताच्या धुनांसाठी तो ‘द सेशन’ हे संकेतस्थळ चालवतो, वीसहून अधिक वर्षं. जगभरचे वादक तिथे धुना लिहितात. त्या ‘एबीसी’ नावाच्या लिपीत असतात, म्हणजे साध्या अक्षरांत. त्यामुळे त्या कागदावरही उतरवता येतात. आणि संकेतस्थळाचा विदा तो सगळ्यांना उतरवून घेण्यासाठी खुला ठेवतो. उद्या तो थकला किंवा सर्व्हर जळला, तरी धुना त्याच्यासोबत जाणार नाहीत.

साधेपणाचा मुद्दा मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधीचा कितीतरी मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या फॉण्टमध्ये लिहिलेला आहे. पत्ता उघडतो, पान दिसतं, पण फॉण्ट नसेल तर समोर येतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. पेशवे दफ्तरातले कागद शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे मोजके. तसंच हे, फक्त दोनशेऐवजी वीस वर्षांत घडलेलं. उलट सर्नमधलं जगातलं पहिलं वेबपान आजच्या फोनवरही वाचता येतं, कारण ते साध्या एचटीएमएलमध्ये आहे.

म्हणजे देणं अमरत्वाचं नाही. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नये, लोकांचं लोकांना वाचता येईल अशा रूपात परत घेता यावं आणि दार बंद करताना सहा महिन्यांनी येणारा माणूसही असतो हे धरून चालावं. आमच्या बाबतीत एवढंच पुरेसं होतं: प्रत्येकाला त्याच्या नोंदींची एक साधी फाइल मेलनं पाठवणं. माझी पुसण्याची स्क्रिप्ट होती चाळीस ओळींची. ही कदाचित साठ ओळींची झाली असती. कुणी मला ती लिहू नको म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नाही, कारण माझ्या शिक्षणात आणि नोकरीत ‘सुरू करणं’ हे काम होतं, ‘बंद करणं’ हे काम होतं, पण ‘सांभाळणं’ या नावाचं काम कुठेच नव्हतं. बढती नवं काही उभारणाऱ्याला मिळते. वीस वर्षं तेच पान चालू ठेवणाऱ्याला काय म्हणायचं, हेही आम्हाला ठाऊक नाही.

हल्ली नवं काही लिहायला घेतलं, तर विदा बाहेर काढण्याची सोय मी पहिल्याच आठवड्यात करते. सहकारी हसतात, अजून आत काही आलं नाही आणि तू बाहेर काय काढणार, म्हणतात.

त्यामुळे सहा पावसाळे परत येत नाहीत. दर जूनमध्ये मला ते शिक्षक आठवतात. वहीत आता बरीच पानं भरली असतील. ती वही कुठे ठेवलेली आहे, घराला गळती आहे का, असले प्रश्न मला पडतात आणि ते विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे हेही कळतं.