हरलेली कुस्ती धरायची की नाही?



गेल्या महिन्यात घराच्या आशीर्वादासाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबात गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा यायचा होता. बाहेरच्या खोलीत बारा-तेरा वर्षांचा नातू टीव्हीसमोर बसून कुस्तीचा व्हिडिओ गेम खेळत होता. आजोबांनी तरुणपणी गंगावेश तालमीत जोर-बैठका काढलेल्या. ते म्हणाले, "काय बघताय फादर, नुरा कुस्ती हाय सगळी." नातू मान न वळवता म्हणाला, "आजोबा, नुरा ती टीव्हीवरची. ह्यात कोण जिंकणार ते आधी ठरलेलं नसतंय."

मग त्याने आम्हालाही खेळायला बसवले. दोन कुस्त्या आम्ही सपशेल हरलो. तिसऱ्या वेळी दिसेल ते बटण दाबत गेलो आणि कशी कोण जाणे, जिंकलो. पोराने लगेच एक बटण दाबले. पडद्यावरचा निकाल पुसला गेला आणि कुस्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "ही धरायची नाही, फादर!"

त्या मुलाची ही दोन्ही वाक्ये आमच्या मनात घोळत राहिली. आज त्यांचाच विचार आपण करू या.

पहिले वाक्य खरे आहे. टीव्हीवर दिसणारी अमेरिकन कुस्ती आधी ठरवून केलेली असते, हे ती चालवणाऱ्या कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे मान्य केले. खेळाचे नियम आणि कर आपल्याला लागू होऊ नयेत म्हणून 'ही केवळ करमणूक आहे' असे त्यांनी सांगितले. मात्र तिथले पडणे खोटे नसते. 1999 साली ओवेन हार्ट या पैलवानाला कार्यक्रमाचा भाग म्हणून छतावरून दोरीने खाली सोडले जात होते. तो रिंगमध्ये कोसळला आणि मरण पावला. कार्यक्रम मात्र त्या रात्री पुढे चालूच राहिला. निकाल लटका, पण देह खरा आणि मरणही खरे.

गेममध्ये याच्या उलट असते. तिथे निकाल खरा असतो, कारण जिंकणे-हरणे खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. पण पडणे खोटे असते. पैलवान दहा वेळा आपटला तरी खेळणाऱ्याच्या अंगाला ओरखडा येत नाही. आपल्या तांबड्या मातीतल्या निकाली कुस्तीत मात्र दोन्ही खरे असते. निकाल ठरलेला नसतो आणि पाठ लागते ती स्वतःचीच.

मग या गेममधून मुलांना काय मिळते? काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला तालमीचा खुराक परवडत नाही, ज्याची तब्येत नाजूक आहे, त्यालाही तिथे शड्डू ठोकता येतो. आपल्या नावाचा पैलवान बनवता येतो. त्याची उंची, दंड, कपडे, केस आपल्या मनाप्रमाणे ठरवता येतात. शाळेत आणि घरी दिवसभर दुसऱ्यांचे ऐकणाऱ्या मुलाला तेवढा वेळ आपल्या मनासारखे करायला मिळते. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला मनाची विश्रांती म्हटले आहे. सतत ताणून ठेवलेले धनुष्य मोडते, ही जुनी गोष्टही ते सांगतात. तेव्हा पालकांनो, मुलगा गेम खेळतो म्हणून तो वाया गेला असे समजू नका. आज पालक असलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेच्या दप्तरात अशाच पैलवानांच्या चित्रांचे पत्ते लपवले होते!

आम्हाला विचारात पाडले ते दुसऱ्या वाक्याने. "ही धरायची नाही." गेम मुलांना जे सर्वांत गोड आमिष देतो ते विजयाचे नाही, हार पुसून टाकण्याचे आहे. मातीतल्या कुस्तीत अशी सोय नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 पासून उभे आहे. युरोपच्या प्रवासात रोममधले प्राचीन क्रीडागृह पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. त्या गोल मैदानात कुठेही बसले तरी मधला हौद दिसतो. म्हणजेच चितपट झालेल्या पैलवानालाही सगळे पाहतात. तो उठतो, अंगावरची माती झाडतो, जिंकणाऱ्याशी हात मिळवतो आणि हजारो लोकांच्या देखत चालत बाहेर जातो. हे चालत बाहेर जाणे हीसुद्धा तालमीतली शिकवण आहे.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथली गादी आणि तिथले नियम नवे होते. ती हार खाशाबांनी 'धरली'. चार वर्षे मेहनत केली. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! लंडनची हार पुसून टाकता आली असती, तर त्या चार वर्षांची मेहनत कशासाठी झाली असती? आणि दुसऱ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचे घर गहाण ठेवण्याची वेळ तरी कोणावर आली असती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की काही घरी आम्हाला मुद्दाम जावे लागते. मूल दार लावून बसलेले असते. आई हळूच सांगते, "फादर, दोन दिवस जेवला नाही." गेममुळे असे होते असे आमचे म्हणणे नाही. गेम नव्हते तेव्हाही मुले नापास होत आणि रडत. पण हरल्यावर पुढे काय करायचे, हे मुलांना कोठे शिकायला मिळते, हा प्रश्न अशा बंद दारासमोर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

पवित्र शास्त्रात एका रात्रीच्या कुस्तीची कथा आहे. याकोब उजाडेपर्यंत एका अनोळखी पुरुषाशी झुंजला. त्याच्या जांघेचा सांधा निखळला, पण त्याने पकड सोडली नाही, आणि त्याला आशीर्वाद मिळाला. सकाळी तो लंगडत निघाला. देवाने आशीर्वाद दिला, पण ती रात्र पुसली नाही. आपण क्षमेलाही कधी कधी पुसण्याचे बटण समजतो. पापनिवेदनाने पाप क्षमा होते, पण दुखावलेल्या माणसाकडे चालत जायचे आपले काम उरतेच.

म्हणून पालकांना आमची एक सूचना आहे. गेम कपाटात बंद करू नका. आज जेवणानंतर मुलाशेजारी बसा आणि एक कुस्ती खेळा. अट एकच, पहिली धरायची. तुम्ही हरलात तर हसत हात मिळवा. मूल हरले तर ते बटण दाबण्याआधी त्याचा हात हातात घ्या. आणि खासबागेत पुढचे मैदान भरेल तेव्हा त्याला घेऊन जा. जिंकणाऱ्याची मिरवणूक तर तो पाहीलच, पण हरलेला पैलवान बाहेर कसा जातो, तेही त्याला दाखवा.

त्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. आमची तिसरी कुस्ती अजून धरायची राहिली आहे!

आपला,
धर्मगुरू