आवाहनानंतर

येरवड्याच्या डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्यातून मुळा-मुठेकडे उतरलं की आधी सांडपाण्याचा वास येतो, मग पक्षी दिसतात. काळसर पाण्यात लांब गुलाबी पायांवर शेकाट्या उभा असतो, चिखलातले किडे टिपत. पलीकडे हळदीकुंकू बदकं.

वडिलांच्या अस्थी आम्ही वर मुळा आणि मुठेच्या संगमावर सोडल्या. गुरुजींनी याच पाण्यात गंगेला आवाहन केलं. मंत्रानं पाणी पवित्र होतं, मग मैल्याची चिंता कशाला, असं पुष्कळजण मानतात. मला ते पटत नाही. पूजेच्या षोडशोपचारांत आवाहन पहिलं. पुढे आसन, पाद्य, स्नान आहेच. बोलावलेल्या देवतेला गटारात बसवणं हा पूजाभंग आहे. २०२३ मध्ये नदीकाठची झाडं वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरले. म्हणूनच त्यांच्यात मीही होते. वडिलांच्या श्राद्धाइतकंच ते मला धर्मकार्य वाटलं.