जन्मदत्त बळ आणि न्याय
फिनलंडच्या एरो मांतीरांताने १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकात स्कीइंगची दोन सुवर्णपदके जिंकली, आणि त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचे दम वाढविणारे असामान्य अधिक प्रमाण आनुवंशिक होते हे पुढे सिद्ध झाल्यावरही ती पदके परत करण्याचा हुकूम कोणी काढला नाही. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला मात्र देहात स्वभावतःच टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक म्हणून २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळण्यात आले; २०१५ मध्ये क्रीडा लवादाने स्त्री-खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनला कमाल मर्यादा घालणारा तो नियम तहकूब केला, ही गोष्ट अलाहिदा. स्त्रियांचा स्वतंत्र वर्ग राखावयाचा तर सीमा कोठेतरी आखावी लागते, हे मला मान्य आहे. परंतु जन्मावरून अधिकार ठरविण्याची कटू परंपरा भोगलेल्या आपल्या समाजाने तरी, पुरुषांच्या निसर्गदत्त संप्रेरकाला कोणतीच कमाल मर्यादा नसताना केवळ स्त्रीदेहावर बसविलेली अशी सीमा निसर्गाचा निवाडा मानू नये. अशी सीमा हा दफ्तरी बंदोबस्त आहे, आणि म्हणून फेरतपासणीस पात्र आहे.