जुना बंब आणि 'तोच'पणाचा प्रश्न

गंजलेला, मोडकळीला आलेला जुना अग्निशामक बंब दुरुस्त करून पुन्हा उभा केला, तर तो मूळचाच बंब राहतो का? एखाद्या वस्तूचे भाग बदलत गेले तरी ती 'तीच' राहते, असे कशाच्या बळावर म्हणता येते, या प्राचीन प्रश्नाचे हे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे रूप आहे. मराठीतला 'बंब' हा शब्द पंप या अर्थाच्या 'बोंबा' या पोर्तुगीज शब्दावरून आला. मराठीने या यंत्राला त्याच्या रंगावरून किंवा चाकांवरून नाव दिले नाही. पाणी जोराने फेकण्याच्या कामावरून दिले. पुढच्या विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

बंबाचा इतिहास हा अदलाबदलीचा इतिहास आहे. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅम याने 1721 आणि 1725 मध्ये आपल्या हातबंबांची पेटंटे घेतली. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्या माणसे खालीवर करत, दोन सिलिंडर आळीपाळीने पाणी ढकलत आणि हवेच्या कोठीमुळे धार न तुटता निघे. 1731 मध्ये असे दोन बंब न्यूयॉर्कला पोहोचले. 1829 मध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी लंडनमध्ये वाफेचा बंब तयार केला. 1904 मध्ये मेरीवेदर कंपनीने लंडनजवळच्या फिंचलीसाठी पेट्रोलवर चालणारा बंब बांधला. आधी माणसांचे हात गेले, मग घोडे गेले, मग वाफ गेली. मात्र सिनसिनाटीच्या आरेन्स-फॉक्स बंबांच्या तोंडाशी जो चकचकीत गोळा दिसतो, तो हवेची कोठीच आहे. धातू, आकार, शक्ती बदलली. धार अखंड ठेवण्याची युक्ती टिकली.

एका बंबाच्या आयुष्यातही असेच घडते. भरीव रबरी टायर काढून हवेचे टायर बसवले जातात, उघड्या बंबावर छप्पर चढते, पंपातले चामड्याचे वॉशर झिजले की नवे येतात, बॉयलरच्या नळ्या बदलाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, ब्रिटनमधील अग्निशमन दले एका राष्ट्रीय सेवेत विलीन झाली आणि अनेक लाल बंबांवर राखाडी रंग चढला. युद्धानंतर ते पुन्हा लाल झाले. अशा बंबाचा 'मूळ' रंग कोणता मानायचा? कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा, की ज्या रंगात त्याने बॉम्बहल्ल्यांच्या आगी विझवल्या तो?

'तोच'पणाच्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात मिळते. राजा मिलिंद रथातून आल्याचे सांगतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकही भाग रथ नाही आणि भागांच्या पलीकडेही रथ सापडत नाही. भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव म्हणजे 'रथ'. नागसेनाचा दुसरा दृष्टांत दिव्याचा आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसते, तरी तो दिवा दुसराही नसतो. एकातून दुसरी निघत जाणारी अखंड संतती तिथे असते. या दृष्टीने बंबाचे 'तोच'पण त्याच्या लोखंडात शोधणे व्यर्थ आहे. ते बदलांच्या न तुटलेल्या साखळीत आहे.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा, खराखुरा 'अवयवी' असतो. धाग्यांहून वस्त्र वेगळे असते. पण याची किंमतही ते प्रामाणिकपणे मोजतात: एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उत्पन्न होतो. मग 'हा तोच' असे का वाटते? नैयायिक प्रत्यभिज्ञेला, म्हणजे ओळख पटण्याला, मोठे प्रमाण मानतात. पण दिव्याच्या ज्योतीसारख्या ठिकाणी ती ओळख केवळ साम्यातून येते, हेही सांगतात. जुन्या बंबांच्या बाबतीत हा इशारा मोलाचा आहे. हुबेहूब प्रतिकृती पाहूनही ओळख पटते. म्हणून नुसती ओळख पुरेशी नाही, तिला पुराव्याची जोड हवी.

ग्रीक परंपरेत हाच प्रश्न पुराणकथेतला वीर थिसियस याच्या जहाजाच्या रूपाने येतो. अथेन्सवासी त्याच्या कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि तत्त्वज्ञ वाद घालत राहिले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? एकाने मूळ सांगाड्याभोवती नवा बंब बांधला आणि दुसऱ्याने मूळ पंप व घंटा नव्या सांगाड्यावर बसवली, तर संग्राहकांपुढेही हाच पेच उभा राहतो. केवळ भाग मोजून तो सुटत नाही.

धर्माने हा पेच आचारातून सोडवला आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात अधिक आषाढ येतो त्या ठरावीक वर्षी नवकलेवर होते. अलीकडे ते 1996 आणि 2015 मध्ये झाले. कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडतात, मूर्तीचा गाभा मानला जाणारा ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नवीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते. देह नवा, देव तोच. देऊळ-परंपरेतला 'जीर्णोद्धार' हा शब्दही हेच सांगतो: जीर्ण झालेले नाकारायचे नाही, त्याला उचलून धरायचे. मात्र या विधींत बदल झाल्याचे लपवले जात नाही. मूर्ती बदलली हे सर्वांना माहीत असते, जुनीला मान दिला जातो आणि हस्तांतर अधिकारी सेवकांच्याच हातून होते. सातत्य श्रद्धेने मिळते, पण ते खोटेपणावर उभे राहत नाही.

जुन्या वस्तूंच्या जतनशास्त्रात हीच ओढाताण दिसते. कलेतिहासकार अलोइस रीगल याने 1903 मध्ये वास्तूचे वयमूल्य आणि उपयोगमूल्य वेगळे काढून दाखवले. झिजलेला रंग तसाच ठेवला तर वय दिसते, पण बंब चालत नाही. बॉयलर नवा बसवला तर धार उडते, पण जुना पत्रा जातो. संग्रहालये बहुधा पहिली वाट धरतात, हौशी मंडळी दुसरी. दोन्ही वाटा आवश्यक आहेत. कारण बंब ही पाहण्याची वस्तू आहे तशीच काम करण्याचीही आहे, आणि त्याच्या मराठी नावाने हे कामच लक्षात ठेवले आहे.

उरते ते नोंदीचे काम. 1958 मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज इथे जुन्या मोटार-बंबांच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हापासून अनेक देशांतले हौशी एकमेकांना कारखान्याचा क्रमांक, बंब कोणत्या केंद्रात दाखल झाला ती तारीख, दुरुस्त्यांचा तपशील, जुनी छायाचित्रे पुरवत आले आहेत. ही देवघेव म्हणजे निव्वळ छंद नव्हे. नागसेनाची संतती, नैयायिकांना हवा असलेला पुरावा आणि जीर्णोद्धारातला उघडपणा हे तिन्ही याच नोंदींत एकत्र येतात. कोणता भाग जुना, कोणता नवा, हे लिहून ठेवलेला बंब तोच राहतो. खोट्या पाटीचा बंब सगळे भाग मूळचे असले तरी आपली ओळख गमावतो.

या ओळखीमागे माणसे आहेत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे 66 जवान मृत्युमुखी पडले. तो दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. बंबाचा पत्रा बदलता येतो, चाके बदलता येतात. त्याच्यावर चढून आगीत शिरलेल्यांचा इतिहास बदलता येत नाही. बंबाला 'तोच' ठेवणारी गोष्ट शेवटी हीच आहे, आणि ती खरी जपणे हाच त्याचा जीर्णोद्धार.