तळे राखील तो…

‘तळे राखील तो पाणी चाखील’ असे आपण सहज म्हणतो. उपनगरांतील आपली काही कुटुंबे गावाकडच्या जमिनीत खाजगी तळे खोदून रोहू, कटला, मृगळ सोडतात. खर्च त्यांचा, राखण त्यांची. मग मासेही त्यांचेच. परंतु हे नदीचे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी व सहकाऱ्यांनी ग्रंथींचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन साधले, म्हणून आज बीज मिळते. पाऊस तर साऱ्या शिवाराचा! संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, मालकी असावी ती सांभाळण्यासाठी. उपभोगात मात्र गरजवंताचा वाटा असतो. तेव्हा कुंपण घालण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे : वैशाखात शेजाऱ्याची विहीर आटली, तर आपले फाटक उघडेल काय?