संस्कार : दिलेले आणि घेतलेले

‘संस्कार’ हा शब्द आपल्या घरांतून इतक्या वेळा उच्चारला जातो की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरजच कुणास वाटत नाही. नातवंडांवर चांगले संस्कार व्हावेत ही प्रत्येक आजी-आजोबांची इच्छा असते. त्यासाठी स्तोत्रे पाठ करून घेतली जातात, बोधकथा सांगितल्या जातात. हल्ली तर संस्कारवर्गही भरतात. परंतु संस्कार ही देण्याची गोष्ट आहे की घेण्याची, हा प्रश्न आम्हांस मूलभूत वाटतो. एका सुपरिचित चरित्राच्या आधारे त्याचा विचार करावा, असे योजिले आहे.

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे विनोबांची बालपणीची वर्षे आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या सहवासात गेली. आपल्या घडणीत आईचा वाटा फार मोठा, हे ते नेहमी सांगत. पण आजोबांच्या आठवणीही त्यांनी जपल्या होत्या. त्यांपैकी एक विंचवाची. शंभुराव पूजेला बसले असता गणपतीच्या मूर्तीवर विंचू दिसला. घरच्यांची धावपळ उडाली, कुणी त्यास मारावयास निघाले. शंभुरावांनी त्यांना थांबविले. विंचू देवाच्या आश्रयास आला आहे, त्यास कुणी हात लावू नये, असे सांगून त्यांनी पूजा पुरी केली. यथावकाश विंचू आपल्या वाटेने निघून गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शंभुराव नातवाला अहिंसेचा पाठ देत नव्हते. ते पूजा करीत होते. नातू केवळ जवळ होता. हाच प्रसंग त्यांनी बोधकथा म्हणून सांगितला असता, तर तो इतर शंभर कथांप्रमाणे विस्मरणात गेला असता, असे आम्हांस वाटते. आईवडिलांना मुलाला वळण लावावे लागते. त्यांच्या बोलण्यात आज्ञा असते आणि मूल तिला विरोधही करते. आजोबा मात्र आपले आयुष्य जगत असतात आणि नातू ते पाहत असतो. विरोध करावा असे तेथे काही नसते. म्हणूनच ते पाहणे खोलवर जाते.

पुढे १९६० च्या मे महिन्यात आमच्या या ग्वाल्हेर परिसरात, भिंड-मुरैना भागात, विनोबा पदयात्रेने आले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. आश्रयास आलेल्या विंचवाची आठवण येथे होते. तथापि त्या विंचवामुळे हे घडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. गीतेचे चिंतन, गांधीजींचा सहवास, भूदानाची वर्षे, हे सारे मध्ये होते. आजोबांनी बी टाकले असेल. वृक्ष नातवाने वाढविला. घरातल्या देव्हाऱ्यापुरती असलेली शरणागताविषयीची करुणा त्याने चंबळच्या खोऱ्यापर्यंत नेली. घेतलेली गोष्ट मोठी करणे, हीच ती आपली झाल्याची खूण होय.

या करुणेची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न मात्र उरतो. आमच्या नोकरीची काही वर्षे याच भागात गेली. तेथील ज्या वृद्धांशी बोलणे झाले, त्यांच्यात दोन मते होती. कुणी विनोबांना संत म्हणे, तर ज्यांच्या घरची माणसे मारली गेली होती ते गप्प राहत. डाकूंवर रीतसर खटले चालले, तरी त्यांचा अकारण गौरव झाला, अशी टीका पोलीस दलातूनही त्या वेळी झाली होती. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस ती टीका निराधार वाटत नाही. आश्रय देणे आणि न्याय करणे या दोन्ही गोष्टी समाजाला लागतात. आजोबांकडून मिळालेले मूल्य कितीही उदात्त असो, ते नव्या परिस्थितीत पुन्हा तपासून पाहणे नातवास चुकत नाही.

शिवाय आजोबांकडून केवळ करुणाच येते असे नाही. सोवळे-ओवळे, जातीचा अभिमान, मुलगा-मुलगी हा भेदही नातवंडे याच मूकपणे उचलतात. प्रभाव टिकाऊ आहे म्हणून तो हितकर ठरत नाही. भिंतीवरचा ओलावाही टिकाऊच असतो.

मग आम्हां वृद्धांच्या हाती काय उरते? कोणता क्षण नातवाच्या मनात राहील, हे आपण ठरवू शकत नाही. पाठ करून घेतलेले स्तोत्र विसरले जाईल आणि भांडी घासावयास येणाऱ्या बाईशी आपण कसे बोललो, ते पन्नास वर्षे स्मरणात राहील. निवड नातवाची आहे, जबाबदारी मात्र आपली. आमची नातवंडे वर्षातून दोनदा, सुटीपुरती येतात. तेवढ्या दिवसांत त्यांना काय शिकवावे, याची चिंता आम्ही सोडून दिली आहे. ती नसतानाही आपण कसे वागतो, याकडे लक्ष पुरविणे अधिक कठीण, आणि अधिक उपयोगाचे आहे.