मुलांना कर्जाचा आकडा सांगावा काय?

एकट्या आईला किंवा एकट्या बापाला घर चालवताना पैशाचे जे प्रश्न पडतात, त्यांतला एक हिशेबाचा नसून नीतीचा आहे. डोक्यावर कर्ज असेल तर ते मुलांना सांगावे, की झाकून ठेवावे? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : पोराबाळांच्या जिवाला कशाला घोर? मला मात्र हे उत्तर पटत नाही.

आमच्या रेजिनात हा प्रश्न हिवाळ्याबरोबर दाराशी येतो. पारा उणे ३० वर उतरला की घर तापवण्याचे बिल चढते. गेल्या वर्षीचे बूट यंदा पोराच्या पायात जात नाहीत. वर्गातली मुले हॉकी खेळतात, म्हणून त्यालाही खेळायचे असते. घरात दोघे असले तर एकमेकांशी बोलून मार्ग काढतात. एकट्या पालकाला विचारायला कोणी नसते. तो मुकाट्याने क्रेडिट कार्ड पुढे करतो. कार्डावर ३,००० डॉलर थकले आणि व्याज शेकडा २० असले, तर वर्षाला ६०० डॉलर नुसत्या व्याजात जातात, मुद्दल जागच्या जागी राहते. पगाराच्या तारखेपर्यंत उसने पैसे देणारी दुकाने तर याहून महाग. कॅनडात १ जानेवारी २०२५ पासून साधारण कर्जावर वर्षाला ३५ टक्क्यांहून अधिक व्याज घेणे हा गुन्हा आहे. परंतु या दुकानांना वेगळा नियम असून त्यांना शंभर डॉलरमागे १४ डॉलर घेता येतात. दोन आठवड्यांच्या उसनवारीला १४, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ३६४ टक्के!

आता आपल्या शास्त्रातील एक गोष्ट आठवावी. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा नबीकडे येते. नवरा कर्ज ठेवून वारला आहे आणि सावकार तिचे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यायला आला आहे. नबी प्रथम विचारतो, घरात काय आहे? तेलाच्या एका भांड्याखेरीज काही नाही. ज्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, त्या आपल्याला हे तेल परके नाही. नबी सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, मुलांसह आत जा, दार लाव आणि ओतत राहा. मुले भांडी आणून देतात, आई ओतते. मग तेल विकून आधी कर्ज फेडायचे आणि उरेल त्यावर तिघांनी जगायचे.

या गोष्टीत चमत्कार आहेच. पण माझे लक्ष त्या दाराकडे जाते. दार गावाला बंद आहे, मुलांना नाही. ज्यांच्यावर संकट यायचे, ती मुले आत आहेत आणि त्यांच्या हाताला काम आहे.

यावर कोणी म्हणेल, अशाने मुलांचे बालपण हिरावले जाईल. आक्षेप खरा आहे, हलका नाही. तरीही कोणत्याही शिक्षकाला विचारा. सहलीची वर्गणी मागितली की ‘मला यायचंच नाही’ म्हणणारे मूल त्याने पाहिलेले असते. घरी कोणी काही सांगितलेले नसते, पण त्याला कळलेले असते. मुलाला आकडा ठाऊक नसतो, भीती मात्र ठाऊक असते. आणि न सांगितलेली भीती आकड्याहून मोठी होते.

म्हणून माझ्या मते माहिती द्यावी, ओझे देऊ नये. सहा वर्षांच्या मुलाला ‘या महिन्यात नाही’ एवढे पुरे. बारा वर्षांच्या मुलासमोर वही उघडावी : एवढे देणे आहे, दरमहा एवढे फेडतो, अमुक महिन्यात संपेल. त्याला वाणसामानाची यादी करू द्यावी. ‘तुझ्यापायीच हे कर्ज झाले’ असे मात्र कधीही म्हणू नये, आणि वसुलीचा फोन मुलाच्या हाती देऊ नये. सस्कॅचेवानात १८ व्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होते. आईबापाचे कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते, पण मुलाने सही केली नसेल तर ते त्याच्या अंगावर येत नाही. जुना सावकार मुले ओढून नेत असे. आज आपणच त्यांची सही घेऊन ती त्याच्या स्वाधीन करतो. हे टाळलेच पाहिजे.

‘घरात काय आहे?’ हा प्रश्न आजही आधी विचारावा. उत्पन्न नसले तरी दरवर्षी कराचे विवरण भरावे, कारण मुलांचा सरकारी भत्ता त्यावर ठरतो. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी तो सहा वर्षांखालील मुलामागे जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलामागे ६,७४८ डॉलर आहे. कमी उत्पन्नाच्या घरातील २००४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शिक्षणखात्यात सरकार एकूण २,००० डॉलरपर्यंत घालते. आपली एक दमडीही लागत नाही, फक्त खाते उघडून अर्ज करावा लागतो. कर्ज आवाक्याबाहेर गेलेच, तर सरकारी परवाना असलेल्या दिवाळखोरी विश्वस्तामार्फत सावकारांपुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवता येतो आणि ठरलेली रक्कम पाच वर्षांच्या आत फेडता येते. यात लाज नाही. लाज वाटून वर्ष वर्ष थांबण्यात मात्र व्याज आहे.

राहता राहिले शेजारी. त्यांनी भांडी दिली, आणि ती कशाला हवीत असे कोणी विचारल्याचे गोष्टीत नाही. आपल्या मंडळींत कोणी एकटी बाई किंवा एकटा बाप ओढाताणीत असेल, तर आपणही तेवढेच करावे. भांडे द्यावे, आणि दार उघडून आत डोकावू नये.